पहिला संगणक जोडताना : घटकांची निवड आणि त्यांची जुळणी

(शिक्षक, ग्रंथपाल आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या माध्यमिक शिक्षकाचे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगी अकरावीत विज्ञान शाखेला गेली आहे. तिला अभ्यासासाठी आणि प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी संगणक हवा आहे. शिक्षकालाही प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि शाळेची ऑनलाइन भरावयाची माहिती, ही कामे आहेतच. वर्षभर थोडी थोडी बाजूला ठेवलेली रक्कम हाती असते. तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरीच जोडावा, असे वडील आणि मुलगी मिळून ठरवतात. प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून, रॅम ऑनलाइन, अशी जेथे स्वस्त मिळेल तेथून खरेदी होते. रविवारी सकाळी जोडणी पुरी होते. बटण दाबले जाते, पंखा फिरू लागतो; परंतु पडदा काळाच राहतो.

या संगणकाचा एकही भाग नादुरुस्त नसतो. घेतलेला प्रोसेसर ‘रायझन ५ ५६००’ हा असतो आणि त्यात पडद्यावर चित्र पाठविण्याची अंगभूत सोय नसते. ती सोय असलेला प्रोसेसर ‘रायझन ५ ५६००जी’ हा होय. फरक एका अक्षराचा; परंतु आता एकतर वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागणार, किंवा वेष्टन फोडलेला प्रोसेसर बदलून देण्यासाठी दुकानदाराची विनवणी करावी लागणार. वर्षभराच्या बचतीचा हिशेब त्या एका अक्षरापाशी कोलमडतो.

कमी पैशात संगणक जोडताना होणारे बहुतेक नुकसान अशाच प्रकारचे असते. वाईट वस्तू घेतल्यामुळे ते क्वचितच होते. एकमेकांशी न जुळणाऱ्या चांगल्या वस्तू घेतल्यामुळे ते अधिक वेळा होते. यास्तव कोणता भाग स्वस्त, या प्रश्नाआधी कोणता भाग कोणाशी जुळतो, हा प्रश्न विचारावयास हवा.

सुटे भाग जुळतात ते कशामुळे?

वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग एका पेटीत बसून एकत्र काम करू शकतात, याचे श्रेय प्रमाणीकरणास आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्यात बाजारात मिळणारे भाग वापरलेले होते आणि त्याच्या रचनेची तांत्रिक माहितीही कंपनीने प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर उत्पादकांना त्याला जोडता येतील असे भाग बनविणे शक्य झाले. पुढे १९९५ मध्ये इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ हे प्रमाण मांडले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूची छिद्रे आणि वीजपुरवठ्याची जोडणी त्यातून निश्चित झाली. आजचे कॅबिनेट आणि एसएमपीएस मुख्यतः याच घराण्यातले आहेत.

तथापि, सर्व बाबतीत एकच प्रमाण नाही. प्रोसेसरची बैठक, रॅमचा प्रकार, साठवणुकीची खाच या गोष्टी दर काही वर्षांनी बदलतात आणि जुन्या-नव्या पिढ्यांचा माल एकाच वेळी दुकानात मांडलेला असतो. घोडे पेंड खाते ते येथे.

आधी कामाची यादी

खरेदीचा आरंभ दुकानात न करता कागदावर करावा. संगणकावर कोणती कामे होणार, ती प्रथम लिहावीत. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, व्हिडिओवरील पाठ आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक शिक्षण एवढीच यादी असेल, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची मुळीच गरज नसते. अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर हे काम सहज पार पाडतो. मोठे खेळ खेळणे, चित्रफितींचे व्यावसायिक संपादन किंवा त्रिमितीय आराखडे ही कामे यादीत असली, तरच ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा. अन्यथा नाकापेक्षा मोती जड व्हावयाचा.

दुसरा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : घरी वीज वारंवार जाते काय, आणि संगणक एका जागी राहणार की बरोबर न्यावा लागणार? बरोबर न्यावयाचा असल्यास लॅपटॉप अधिक सोयीचा, हे मान्य केले पाहिजे. जोडलेल्या संगणकाचा खरा लाभ वेगळा आहे. पाच वर्षांनी रॅम वाढविता येते, बिघडलेला एसएमपीएस तेवढाच बदलता येतो आणि एका भागासाठी सर्व यंत्र मोडीत काढावे लागत नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड : पहिली सोयरीक

सर्व निवडीचा पाया या दोन भागांच्या जोडीत आहे. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि दोघांचे सॉकेट एकच असावे लागते. एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर २०१७ पासून ‘एएम४’ या सॉकेटवर आले; २०२२ मध्ये ‘एएम५’ हे नवे सॉकेट आले. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना ‘एलजीए १७००’ हे सॉकेट लागते. एएम४ चा प्रोसेसर एएम५ च्या बोर्डावर बसत नाही. उलटही शक्य नाही.

परंतु सॉकेटचे नाव जुळले म्हणजे सर्व जुळले, असेही नाही. इंटेलचे ‘एलजीए ११५१’ हे सॉकेट २०१५ मध्ये आले. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटवर आले. मात्र आधीच्या शंभर आणि दोनशे मालिकेच्या बोर्डांवर ते चालत नव्हते. त्यांना तीनशे मालिकेचा बोर्ड आवश्यक होता. जुन्या मालाच्या बाजारात या एका गोष्टीने आजही गिऱ्हाइकाची फसगत होऊ शकते.

तिसरी बाब बायोसची. बायोस म्हणजे मदरबोर्डमध्येच साठविलेली प्रारंभिक आज्ञावली. बोर्ड आधी तयार झाला आणि प्रोसेसर नंतर बाजारात आला असेल, तर बोर्ड त्या प्रोसेसरला ओळखत नाही. ‘बी४५०’ हा चिपसेट २०१८ चा आणि ५६००जी हा प्रोसेसर २०२१ चा. त्या बोर्डाचे बायोस अद्ययावत केल्याशिवाय ही जोडी चालत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसविताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. सर्वांवर ती नसते. म्हणून मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या नावाखाली चालणाऱ्या प्रोसेसरची यादी पाहावी. कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते, हे त्या यादीत दिलेले असते. आवश्यक ती आवृत्ती टाकूनच बोर्ड द्यावा, असे दुकानदारास सांगावे आणि शक्य असल्यास बिलावर तसे लिहून घ्यावे. ही यादी फुकट मिळते आणि दुकानदाराच्या तोंडी हवाल्यापेक्षा ती अधिक विश्वासार्ह असते.

अक्षरांचा अर्थ

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी येणारे अक्षर शोभेचे नसते. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असल्यास त्यात ग्राफिक्स चालत नाही, म्हणून तो काही रुपयांनी स्वस्त असतो. एएम४ वरील रायझनमध्ये ‘जी’ असल्यास ग्राफिक्सची सोय आहे, असे समजावे. एएम५ वरील ७००० मालिकेच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये साधी ग्राफिक्स सोय आहे. मात्र तेथेही ‘एफ’ अक्षर असलेले अपवाद आहेत. वर्णिलेल्या घरातील काळ्या पडद्याचे कारण या एका परिच्छेदात आहे.

रॅम : खाच आणि जोडी

रॅमच्या पट्ट्या डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा पिढ्यांच्या आहेत. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात आणि दिसण्यात त्या सारख्याच वाटतात. परंतु मधली खाच वेगळ्या जागी असते आणि त्यांची विद्युतरचनाही भिन्न असते. जोर लावून बसविण्याचा प्रयत्न केल्यास पट्टी आणि बोर्ड दोन्ही जाण्याचा धोका असतो. एएम४ ला डीडीआर४ लागते, एएम५ ला केवळ डीडीआर५. एलजीए १७०० साठी दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले असल्यामुळे तेथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचूनच रॅम घ्यावी. लॅपटॉपची आखूड पट्टी सामान्य डेस्कटॉप बोर्डात बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमचाच वापर करते. त्यामुळे सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ जीबीच्या दोन समान पट्ट्या घेणे श्रेयस्कर. दोन पट्ट्यांमुळे माहितीच्या वहनाचा मार्ग दुहेरी होतो आणि चित्रदर्शनाचा वेग वाढतो. बोर्डात चार खाचा असल्यास प्रोसेसरकडून मोजता बहुधा दुसरी आणि चौथी खाच वापरावयाची असते. माहितीपुस्तिकेत तसे चित्र दिलेले असते. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने वाढले. यास्तव जुन्या दरपत्रकावर विसंबून अंदाजपत्रक करू नये. खरेदीच्या आठवड्यातील भाव घ्यावेत.

साठवण

दैनंदिन कामात संगणक चपळ वाटावा यासाठी हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेणे हा सर्वांत परिणामकारक खर्च आहे. एसएसडी दोन आकारांत मिळते. एक चपटी पेटी, जी सॅटा केबलने जोडतात. दुसरी ‘एम डॉट टू’ नावाची पट्टी, जी थेट बोर्डावर बसते. या पट्टीचा प्रचलित आकार २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असतो. म्हणूनच तिच्यावर २२८० असा आकडा दिसतो.

येथेही सापळा आहे. एम डॉट टू हे केवळ आकाराचे नाव होय. त्या आकारात सॅटा पद्धतीची आणि एनव्हीएमई पद्धतीची, अशा दोन्ही पट्ट्या येतात. सॅटा पद्धतीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर थांबतो. एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट जाते. बोर्डाची खाच यांपैकी कोणती पद्धत स्वीकारते, हे माहितीपुस्तिकेतच पाहावे. कित्येक बोर्डांवर ही खाच वापरताच सॅटाची एक-दोन जोडणीस्थाने बंद होतात. जुनी हार्ड डिस्कही जोडावयाची असल्यास ही ओळ शोधून वाचावी.

वीज : जेथे काटकसर करू नये

पैसे कमी पडू लागले की, पहिली कात्री एसएमपीएसला लागते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा, वजनाने हलका, नाव नसलेला एसएमपीएस अनेक जण स्वीकारतात. हा भाग बिघडताना एकटाच जाईल, याची खात्री नसते. तो मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही बरोबर नेऊ शकतो. चार आण्यांची बचत बारा आण्यांना पडते.

गरज मोजणे अवघड नाही. ५६००जी हा ६५ वॅट गटातील प्रोसेसर आहे. कामाच्या भरात तो त्याहून काहीशी अधिक वीज घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे धरूनही वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा संगणकाला ४०० ते ४५० वॅटचा, नामांकित उत्पादकाचा एसएमपीएस भरपूर होतो. त्यावर ‘८० प्लस’ ही खूण असावी. तिचा अर्थ असा की, घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज उपयोगात येते. १०० वॅट काम असताना ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून १२५ वॅट घेतो. कार्यक्षमता जितकी कमी, तितकी उष्णता आणि बिल अधिक. संगणक सरासरी १०० वॅट घेत असून रोज पाच तास चालला, तर ३० दिवसांत १५ युनिट होतात.

पुढे ग्राफिक्स कार्ड बसवावयाचे असल्यास बोर्डाची खाच त्याला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डास एसएमपीएसमधून स्वतंत्र सहा किंवा आठ पिनांची जोडणी लागते. प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी आणि कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसावयास सारखी, परंतु ती अदलाबदल करण्याजोगी नाही. तसेच ज्या एसएमपीएसच्या केबल काढता येतात, त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कदापि लावू नयेत. प्लग बसला तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि क्षणात डिस्क जळू शकते.

भिंतीवरील तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हे संगणक येण्यापूर्वीच वायरमनकडून तपासून घ्यावे. वीज जाणाऱ्या गावात यूपीएसही खर्चात धरावा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॅट किंवा त्याहून कमी असते.

कॅबिनेट आणि मॉनिटर

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड सामान्यतः बसतो. उलट होत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात समोरून हवा आत आणि मागून बाहेर, अशी वाट मोकळी असलेले साधे कॅबिनेट काचेच्या बंद कॅबिनेटपेक्षा बरे.

घरी जुना मॉनिटर असल्यास तो वापरून मोठी बचत होते. मात्र त्याची जोडणी पाहावी. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए असते, तर अनेक नव्या बोर्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढेच असते. एचडीएमआयचे चित्र व्हीजीएवर न्यावयाचे तर रूपांतर करणारे छोटे उपकरण लागते. नुसती केबल पुरत नाही. काही स्वस्त बोर्डांवर व्हीजीए अजूनही मिळते. तसा बोर्ड निवडणे हा सोपा मार्ग होय.

जुना माल आणि कार्यप्रणाली

वापरलेल्या भागांचा बाजार मोठा आहे आणि त्यात चांगली वस्तूही मिळते. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी सामान्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्त संच घेताना हा हिशेब करावा. विंडोजचा परवाना हाही अंदाजपत्रकातील खर्च आहे, हे अनेकांच्या ध्यानात शेवटी येते. लिनक्स ही कार्यप्रणाली आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध असून त्यांत मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर उत्तम होते. सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय कार्यप्रणालीही तयार केली आहे.

खरेदी आणि जोडणी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, असो वा जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे दुकान असो, प्रत्येक भागाचे अनुक्रमांकासह पक्के बिल घ्यावे. जोडलेल्या संगणकाला एकत्रित हमी नसते. प्रत्येक भागाची हमी निराळी आणि तिचा कालावधीही निराळा असतो. बदलून देण्याची मुदत किती, वेष्टन उघडल्यास काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला असून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परंतु बिलाशिवाय कोणतीही तक्रार लंगडी पडते.

भाग घरी आल्यावर ते लगेच कॅबिनेटमध्ये कसू नयेत. मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडून पाहावे. पडद्यावर चित्र आले, तर मूळ जुळणी झाली. मग वीज बंद करून सर्व कॅबिनेटमध्ये बसवावे. बोर्डाखाली पितळी आधार त्याच्या छिद्रांच्या जागीच असावेत. भलत्या जागी राहिलेला आधार बोर्डाला टेकून शॉर्ट सर्किट होते.

कागदाचे एक पान

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार एका पानात मावते. कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे, वस्तूंच्या पूर्ण नावांसह, लिहून काढावीत :

१. प्रोसेसर आणि बोर्ड यांचे सॉकेट एकच आहे काय, आणि बोर्डाच्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर व बायोसची आवृत्ती आहे काय?

२. चित्र कोठून मिळणार : प्रोसेसरमधून की कार्डावरून? मॉनिटरची जोडणी त्याला जुळते काय?

३. रॅमची पिढी बोर्डाला चालते काय, आणि पट्ट्या दोन आहेत काय?

४. एसएसडीची पद्धत बोर्डाच्या खाचेला मान्य आहे काय?

५. एसएमपीएसचे वॅट आणि जोडण्या पुरेशा आहेत काय? भिंतीत अर्थिंग आहे काय?

६. बोर्ड, प्रोसेसरवरील पंखा आणि कार्ड कॅबिनेटच्या मापात बसतात काय?

७. यूपीएस, कार्यप्रणाली, कीबोर्ड, माउस आणि वाहतूक धरून बेरीज ठरलेल्या रकमेत आहे काय?

सातही उत्तरे होकारार्थी आली म्हणजेच पैसे मोजावेत. एखादे उत्तर अडले, तर खरेदी आठवडाभर थांबवावी. त्यात काही बिघडत नाही. शाळेची संगणकखोली असो, ग्रामपंचायतीचे वाचनालय असो, तेथे दहा संगणक घ्यावयाचे झाल्यास हेच पान मागणीपत्रास जोडता येईल. तेथे एका अक्षराची चूक दहा पटीने महाग पडते आणि ती भरपाई गावाच्या पैशातून होते.

आरंभी वर्णिलेल्या शिक्षकाच्या घरी हे पान आधी लिहिले गेले असते, तर दुसऱ्या प्रश्नापाशीच लेखणी थांबली असती. ‘चित्र कोठून मिळणार’ या प्रश्नापुढे रिकामी राहिलेली जागा मुलीनेच वडिलांना दाखविली असती, ५६०० ऐवजी ५६००जी लिहिले गेले असते, आणि त्या रविवारी सकाळी पडदा उजळला असता.